वाळपईत सिम घेताना

रोहिदास च्यारीने काचेवर तीन कार्डं मांडली.
लाल, निळं,
आणि सरकारी, ज्याला रंग असतो
पण तो कोणाच्या लक्षात राहत नाही.
"तुका खंय वचपाचें?"
मी म्हटलं, सुर्ल, चरावणे, हिवरे, करंझोळ,
आणि त्यांच्याही वर, धनगरवाड्यांवर,
जिथे म्हशी अडतात.
त्याने किंमत सांगितली नाही. आधी हसला.

लाल ठाण्यापर्यंत, म्हणाला,
आपलं ठाणे, सत्तरीतलं, मुंबईकडचं नव्हे.
निळं हिवऱ्याच्या चढावर दोन काड्या देतं,
उतारावर परत घेतं.
सरकारी सगळीकडे, वीज असेल तोवर.
आणि सुर्लाला पोचलीस की
कर्नाटकात स्वागत असा मेसेज येईल.
त्यानंतर काही येणार नाही.

दोन घेतली. निळं आणि सरकारी.
लशींच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर
माझा सत्तरीचा नकाशा तयार होत गेला:
सुर्ल, देवळामागची तिसरी पायरी, डावा कान.
चरावणे, पाण्याच्या टाकीची शिडी, अर्ध्यावर, खाली बघायचं नाही.
हिवरे, शाळेच्या घंटेखाली, सुट्टीच्या दिवशीच.
करंझोळ, नाही.
खाली पुन्हा एकदा, दुसऱ्या शाईत: नाहीच.

एकदा चढावर फोंड्याहून आईचा फोन लागला.
जेवलीस का, तिने विचारलं.
जेवले म्हणता म्हणता वळण आलं
आणि तिच्यापर्यंत "जेव" एवढंच गेलं.
ती लगेच पानावर बसली, असं नंतर सांगत होती,
साडेअकरा वाजले होते.

धाकलू झोरेचा फोन घरात नसतो.
किंदळीच्या झाडाला बिस्किटांचा पत्र्याचा डबा टांगलाय,
त्यात फोन, उताणा,
कारण वाड्यावर रेंज तेवढ्या एका फांदीलाच.
वाजला की जो जवळ असेल तो उचलतो,
शेळ्यांमागची पोर, मधाला निघालेला कोणी,
आणि निरोप पायांनी पुढे जातो.

मार्गशीर्षातली रात्र. मी वाळपईत, जेवण उरकत आलेलं.
डब्यातून एक आवाज, दम लागलेला:
"म्हशीचे पाय दिसतात, तोंड नाय."
पुढचे की मागचे?
"थांबा."
मग थांबलेच.
पत्र्यावर आपटणारा वारा, कुठेतरी रातवा,
आणि दूर जाणारी अनवाणी पावलं.
"पुढचे."
मान मागे वळलीय, सांग बापाला,
हाताला खोबरेल लाव, कोपरापर्यंत,
कळ थांबली की पाय आत ढकल,
कळ असताना नाही, ऐकलंस? थांबली की.
"थांबा."

पावणेदोन तास आमचं बोलणं असं झालं.
एक वाक्य जायचं, झाड ते गोठा,
एक वाक्य यायचं.
दोन वाक्यांच्या मध्ये ती धावत असायची
आणि मी तो मोकळा आवाज कानाला धरून
खरकट्या हाताने बसलेली.
मधे एकदा ती पडली असावी. काही बोलली नाही.
पुढचं उत्तर जरा उशिरा आलं.
"नाक दिसलं!"
मग कितीतरी वेळ कोणीच परतलं नाही.
फोन चालूच ठेवला.

रेडकू जगलं.
म्हैस तिसऱ्या दिवशी उठली.

"खंयचें बरें?" रोहिदासने परवा विचारलं,
गिऱ्हाइकांना सांगायला बरं म्हणून.
त्या रात्री दोन्हींपैकी कुठलं लागलं होतं
ते मी पाहिलंच नव्हतं.
सांगितलं, दोन्ही भर, अठ्ठावीस दिवसांचं.
मग शेजारच्या दुकानातून चपलांचा जोड घेतला, मागे पट्टा असलेला,
धावताना निघू नये असा.
माप ठाऊक नव्हतं.
आवाजावरून
तीन नंबर घेतला. मग परत जाऊन चार.